पहिला प्लाट देवाचा

(नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाईनीत ताडपत्र्या शिवणाऱ्या कुसुमबाईंनी सांगितलं, तसं उतरवून घेतलं.)

माहेर माहं पारशिवनीकडचं, ताई. लहानसं गाव, दहाक घरं पाटलायची अन् बाकी आमच्यासारखे. तिकडे भिवसन देवाचं मोठं. टेकडीवर दगड, दगडाले शेंदूर, अन् सभोवताल मातीचे घोडे, कोणाचं काही झालं का घोडा वाहाचा, बैल सापडला घोडा, पोरगं झालं घोडा, ज्याची ऐपत तो बकरा कापे. हे मी काहून सांगून राहिली, तं पुढं हाच देव येते, नाहीतं तुमी म्हणसान बाई कुठून सुरू झाली अन् कुठी गेली. माह्या बोलण्याले असंही काही कुंपण नाही, पल्लवी म्हणते आई तू पाणी मागाले जातं अन् विहिरीची गोष्ट सांगून येतं.

लग्न करून वाडीले आली. आमचे हे तवा ट्रकावर माल बांधाचे, माल भरला का वर चढाचं, ताडपत्री ताणाची, रस्से आवळाचे. मी घरी काय करू, मंग मी बी ताडपत्र्या शिवाले लागली. जाड दाभण असते, दोन तळहाताएवढी, हातात चामड्याचा तुकडा घालून ढकला लागते. हे पाहा माहे हात. बँकेतल्या मशीनीवर आंगठा ठेवला तं उठतच नाही, तिथला पोट्टा म्हणे काकू पुसून ठेवा, म्हणलं पुसून काय होते बाप्पा, झिजला तो आता.

भाड्याच्या खोल्या किती बदलल्या त्याचं नाव नोको. वाडीतल्या खोल्या म्हणजे काय, दहा बाय दहा, बाजूले ड्रायव्हर लोकं, संडासाले लाईन. घरमालकीण अशी का नळ सुरू झाला का स्वतः उभी राहे, कोणी पाण्याचे किती गुंड भरले पाहाले. तवाच मी ह्यायले म्हणलं, चार पत्रे टाकून राहू पण आपल्या जाग्यात राहू. पल्लवी पोटात होती तवा, अन् तवाच ते लेआउट पडलं.

लेआउट म्हणजे कोणाचं तरी वावर. लेआउटवाल्यानं ते घेऊन मुरमाचे रस्ते टाकले, चुन्याच्या लाईनी मारल्या, दगड गाडले अन् प्लाट विकाले काढले. आमची ओळ रस्त्यापासून सुरू होये, पहिला प्लाट कोपऱ्यावरचा, शालिकराम भाऊचा, मंग एकामागं एक, अन् सगळ्यात शेवटचा आमचा. आमच्या पलीकडे मोकळी जागा सोडली होती, लेआउटवाला म्हणे इथं पोरायसाठी बगीचा होईन, झुले लागतीन, तुमचं लेकरू पहिलं झुलन. मले बाई मोठं बरं वाटलं.

ज्या दिवशी आखणी होती त्या दिवशी सगळे घेणारे आले. बायका बी आल्या, कोणी नारळ आणला, कोणी पेढे आणले. अन् शालिकराम भाऊच्या प्लाटावर पाह्यलं तं काय, कडुनिंबाखाली भिवसन बसलेले. वावरवाल्याच्या आज्यापंज्याचा देव असन. शेंदराचे तीन दगड, तीन फुटके घोडे. लेआउटवाल्यानं काही सांगतलं नव्हतं. शालिकराम भाऊ एस्टीत मेकॅनिक होते, साधा माणूस, ते त्या दगडायपुढे उभे राहिले अन् म्हणे, मी काही देवाच्या डोक्यावर घर बांधत नाही, माहे पैसे वापस द्या. लेआउटवाला म्हणे पैसे कुठले वापस. मंग कोणीतरी म्हणलं, अरे सगळे प्लाट सारखेच हाये ना, एकएक घर सरकून घ्या, शालिकरामनं दुसऱ्यावर बांधाचं, दुसऱ्यानं तिसऱ्यावर, पहिला प्लाट देवाचा राहू द्या. शेवटी मोकळी जागा हायेच, बगीचा थोडा लहान होईन. सगळे हाव म्हणले, ताई. एकाच्याही कपाळावर आठी नाही. आमचे हे तेवढे हळूच म्हणले, म्हणजे आपलं घर बगीच्यात येते का, तं लेआउटवाला हसला, म्हणे भाऊ, बगीच्यात राहाले नशीब लागते.

मी तं खुश झाली. माहेरचा देव माह्या गल्लीच्या तोंडाशी. पल्लवी झाली तवा माह्या मायनं गावाकडून मातीचा घोडा आणला, अन् तो मी इथंच वाह्यला. आजही कोणी विचारलं तं म्हणीन, देवावर भिंत कोण घालन? तुमी घालसान का? आमी लोकं अशेच हाओ. कागदावरचा नंबर कोण पाहाते, चुन्याची लाईन पाह्यली, दोरी लावली, पाया खोदला, झालं.

घर मंग किती वर्षं बांधत होतो. पहिले एक खोली अन् टिनाचं, मंग स्वयंपाकघर, मंग मागची खोली. विटा येतीन तवा भिंत चढे. स्लॅब पडला त्या दिवशी सगळ्या ओळीले जेवण होतं, पातोडीची भाजी अन् भात, शालिकराम भाऊनं स्वतः वाढलं. लाईटचं मीटर आलं आमच्या नावानं, घरटॅक्सची पावती आली आमच्या नावानं, आमी म्हणलं आता काय राहिलं, सरकारच पैसे घेऊन राहिलं म्हणजे घर आमचंच. तुमी चहा घ्या ना, थंडा होऊन राहिला.

पल्लवी आमची एकटीच. बालवाडीत शिकवाले लागली होती, लहान पोट्टे तिच्या ओढणीले लटकून राहात. पहिले पाय सुजले, मी म्हणलं उभी राहून राहून सुजले. मंग तोंड सुजाले लागलं, जेवण जाईना, शाळेत चक्कर येऊन पडली. मेडिकलात, सरकारी दवाखान्यात, दाखवलं, तपासण्या झाल्या, डॉक्टरीण बाई म्हणे दोन्ही किडन्या गेल्या. गेल्या म्हणजे? मले वाटलं गोळ्या देतीन. तवापासून डायलिसिस सुरू हाये, हप्त्यातून दोनदा, सरकारी योजनेत होते म्हणून होते. पण त्यानं माणूस जगते, सुधरत नाही. अन् पाणी मोजून प्याचं. नागपूरचा उन्हाळा ताई, बाहेर डांबर वितळते, अन् जवान पोरीले पाणी नाही. बर्फाचा तुकडा गालात धरून बसते ती. तिच्यासमोर मी गिलास तोंडाले लावत नाही, स्वयंपाकघरात जाऊन, पाठ करून पिते. तिले समजते.

डॉक्टरीण बाई म्हणे किडनी बदलली तं पोरगी चांगली होईन, घरातलं कोणी देते का? ह्यायले शुगर, ह्यायची चालत नाही. माह्या तपासण्या केल्या अन् माही जुळली. काय सांगू तुमाले त्या दिवशीचं, मी दवाखान्यातून निघाली अन् बसस्टॉपवर एका अनोळखी बाईले सांगतलं, माही जुळली म्हणून. ते बाई म्हणे काय जुळली वं, पत्रिका का? मी इतकी हसली, इतकी हसली, मंग तिथंच रडली.

पण आपरेशनले पैसा लागते. योजनेतून काही भेटते, पण वरचा खर्च बहुत, अन् मंग जन्मभर औषधं. अन् डॉक्टरीण बाई म्हणे, मावशी, हिले नंतर वेगळी खोली लागन, स्वच्छ, वेगळा संडास, धूळ नोको, गर्दी नोको. म्हणलं हाये ना मागची खोली, चुना मारते, फरशी लावते. तवाच आमचे हे म्हणले, आपल्यापाशी पैसा नाही पण घर हाये ना. वाडी आता पहिलेसारखी राहिली नाही, गोडाऊनवाले जागा शोधत फिरतात, घराचा भाव चांगला असन, बँकेत घर ठेवू, कर्ज घेऊ, मी आहो तवरक फेडू. जिंदगीभर ह्या माणसानं दुसऱ्याचा माल बांधला, ताई, त्या दिवशी पहिल्यांदा असा बोलला जसा आपलाही काही माल हाये.

बँकेतला साहेब पोरगाच होता, पण बोलाले गोड. म्हणे घरावर कर्ज भेटते, लग्नासाठी, शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी, कायसाठीही, घर तुमच्यापाशीच राहाते, तुमी त्याच घरात राहा, फक्त कागद आमच्यापाशी. मी मनात म्हणलं ह्या पोराच्या मायले सुखात ठेव रे देवा. मंग म्हणे आमचा माणूस येऊन घर पाहून जाईन, किंमत काढन. आमी घर सारवलं पुसलं जसे पाहुणे पोरगी पाहाले येते. पल्लवीनं दाराले तोरण लावलं. मी म्हणलं कायले वं, ती म्हणे आई, आज घराचं पाहणं हाये.

तो माणूस आला. आमचा कागद घेतला, लेआउटचा नकाशा काढला, अन् रस्त्यापासून घरं मोजत आला. मोजत आला अन् आमच्या दाराशी थांबला. पुन्हा वापस गेला, पुन्हा मोजत आला. मले म्हणे, बाई, तुमच्या कागदावर जो प्लाट हाये, त्याच्यावर तं बाजूवाल्यायचं घर हाये. मी म्हणलं हाव, आमी सगळे एकएक सरकलो ना, तिकडे देव हाये म्हणून. जसं काही मी त्याले पत्ता सांगून राहिली. त्यानं नकाशावर बोट ठेवलं. मंग हळूच म्हणे, मंग तुमचं घर ज्या जागेवर हाये तिले प्लाटच नाही, ते मोकळी जागा हाये, बगीच्याची. ते कवाच कोणाच्या नावानं होणार नाही. चहा केला होता, पण त्यानं घेतला नाही. जाताना पल्लवीच्या डोक्यावर हात ठेवून गेला, वाईट नव्हता तो.

माही किडनी जुळली ताई, घर नाही जुळलं.

मंग जिथं जिथं कोणी सांगतलं तिथं गेलो. फायनान्स कंपनीवाले म्हणे आमी बँकेसारखा तरास देत नाही, व्याज थोडं जादा, पण नकाशा पाह्यला अन् ते बी उठले. सावकार म्हणे असा कागद माह्या काय कामाचा, ज्याच्यावर दुसऱ्याचं घर. विकाले काढलं तं घेणारे येत, पल्लवीच्या खोलीत डोकावत, भाव सांगत, मंग बाहेर कोणीतरी त्यायले सांगे का हे बगीच्यावर हाये, अन् ते जात. एक किराणावाला तेवढा तयार झाला. म्हणे मी एकमुस्त, एकाच वेळी सगळा पैसा देतो, तुमी घर मले वापराले द्या, गोडाऊन करतो, पैसा वापस कराल तवा घर वापस, ना भाडं ना व्याज. ह्यायनं हाव म्हणाले तोंड उघडलं, मी म्हणलं थांबा. पोरीले आपरेशननंतर ठेवाचं कुठी? वाडीच्या दहा बाय दहात, जिथं संडासाले लाईन लागते? ज्या खोलीत पोरगी ठेवाची, तेच खोली देऊन पैसा येते. तो किराणावाला बी समजला, म्हणे बाई, माहं बी बरोबर नाही अन् तुमचं बी बरोबर नाही.

एका अर्जनवीसानं मंग रस्ता काढला. कचेरीबाहेर झाडाखाली बसते तो. म्हणे, यात काय कठीण, सगळ्या ओळीनं अदलाबदलीचे कागद करा. ज्याचं घर जिथं हाये तो प्लाट त्याच्या नावानं करा. शालिकरामच्या नावाचा पहिला प्लाट उरते, तो तुमच्या नावानं होईन. कोपऱ्याचा, रस्त्याले लागून, सगळ्यात महाग. त्याच्यावर कर्ज घ्या नाहीतं विका. आमचे हे म्हणले, तिथं देव हाये. अर्जनवीस म्हणे, देव उचलून दहा पावलं बाजूले ठेवा, देव काय मोजत बसते का.

ओळीतल्या सगळ्यायले बोलावलं, देवाच्या चबुतऱ्यापाशी. आता चबुतरा हाये ना तिथं, टिनाचं छप्पर, घंटी, ओळीनंच वर्गणी करून बांधलं, मी बी दिली होती. मी हात जोडले. म्हणलं, तुमच्या सगळ्यायच्या मांडीवर खेळलेली पोरगी हाये. अदलाबदलीले सगळे तयार झाले, ताई, एका पायावर. कारण त्यायचेही कागद उलटे होते ना, त्यायलेही कधी ना कधी बँक लागनच. म्हणे तुमचा खर्च बी आमी करतो, काकू, तुमी फक्त सही करा. पण देव हालवाचं नाव काढलं का कोणी झाडाकडे पाहे, कोणी मोबाईल पाहे. मंग एक बाई म्हणे, कुसुमबाई, माह्या नातवाचं जावळ इथं निघालं, तुमी असं कसं म्हणता वं? दुसरा म्हणे, देव हालवला अन् ओळीत कोणाचं काही बरंवाईट झालं तं? मी म्हणलं माह्या घरी होऊनच राहिलं ना बरंवाईट, ते ओळीत मोजत नाही का? शालिकराम भाऊ आता म्हातारे झाले, चाकाच्या खुर्चीवर बसून आले होते, ते रडाले लागले. म्हणे बाई, तवा मीच अडून बसलो होतो, माही सही आत्ता घे, पण माह्या हातानं देव उचलणं होत नाही.

एका दुपारी आमी दोघं गेलो. मे महिना, गल्लीत कुत्रंही नव्हतं, सगळे कूलरपुढे. ह्यायनं घरून लोखंडाची सब्बल घेतली होती, पोत्यात गुंडाळून. म्हणलं होतं, दगड उचलून बगीच्याच्या कोपऱ्यात ठेवू, सकाळी म्हणू का देवानंच सपनात सांगतलं. सब्बल दगडाखाली घातली. मी घोडे बाजूले काढून ठेवाले लागली तं त्यात तो होता, पल्लवी झाली तवाचा. एक कान फुटला, रंग गेला, पण मायनं त्याच्या पाठीवर दाभणीनं फूल कोरलं होतं, ते होतं. हे म्हणले, तू म्हणत असशील तं उचलतो. ऊन असं का डोळे उघडत नव्हते. देव कोपन असं भेव नव्हतं मले, खरं सांगते. पण ह्याच्याचपाशी मी रोज पोरगी मागते, अन् ह्यालेच उपटू? अन् उपटून बी आपरेशन फसलं तं जिंदगीभर माह्या मनात काय राहीन? अन् लोकं तं दुसऱ्या दिवशी वापस आणून बसवतीनच. मी म्हणलं नोको, चला. घोडा सरळ ठेवला. ह्यायनं सब्बल पुन्हा पोत्यात गुंडाळली.

अदलाबदलीवर सही मी दिली नव्हती. राग होता. शेवटची सही माहीच राहिली होती, सगळे माह्यासाठी थांबले होते, रोज कोणी ना कोणी येऊन बसे, पपई आणे, पल्लवीची तब्येत विचारे. किडनीच्या दुखण्यात पपई तिले चालत नाही हे कोणाले आठवत नव्हतं. एक दिवस पल्लवीच म्हणे, आई दे ना सही, आपलं नाही झालं तं त्यायचं काहून अडवतं? मी म्हणलं, त्यायनं आपलं अडवलं ना. ती म्हणे, आई, मले भांडाले दम लागते. बस, इतकंच म्हणे. दिली मंग सही. आंगठा नाही उठला, सहीच करा लागली.

आता सगळ्यायचे कागद सरळ झाले. बाजूवाल्यायनं घरावर कर्ज उचललं, वरचा मजला चढवून राहिले, त्याचाच ठोकण्याचा आवाज येऊन राहिला तुमाले. त्याची धूळ येते म्हणून पल्लवीची खिडकी मी बंद ठेवते. कर्ज भेटलं तवा पहिला पेढा आमच्या घरी आणला त्यायनं, मी घेतला, नाही कशी म्हणणार. आमच्या नावानं पहिला प्लाट हाये, कागद हाये, कपाटात हाये. त्याच्यावर मंदिर हाये म्हणून बँक घेत नाही, कोणी विकत घेत नाही. अन् आमी राहतो बगीच्यात. उद्या बगीचा करू म्हणून कोणी आलं तं घर बी जाईन. डॉक्टरीण बाईनं मागच्या खेपेले किडनीचं काढलंच नाही, मी बी विचारलं नाही. म्हणे मावशी, वजन पाहा पोरीचं, खाऊ घाला. मी समजली.

आता तिची येण्याची वेळ झाली, उठते मी. डायलिसिसहून आली का ऑटोवाला तिले गल्लीच्या तोंडाशीच सोडते, अंदर बांधकामाची रेती पडून हाये ना. तिथून घरापर्यंत तिले एका दमात येणं होत नाही. म्हणून मी जाते, तिले चबुतऱ्यावर बसवते, कडुनिंबाची सावली हाये, थंडी हवा लागते. ती त्या घोड्याच्या पाठीवरून बोट फिरवत बसते, मी पदरानं वारा घालते. येणारेजाणारे म्हणते, देवापाशी बसल्या का मायलेकी. मी हाव म्हणते. देवापाशी कायच्या, ताई, आपल्या प्लाटावर बसलो आहो. तेवढाच काय तो आमच्या पोरीच्या कामी आला.

तुमी जेवून जा. अन् तुमचं घरदार, लेकरंबाळं सुखात राहो, तुमाले कवा असं मोजा लागू नये.